रात्री मोटार चालू करायला उठताना

रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला उठलेला माणूस डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला, की लोक म्हणतात, 'झोपेत होता.' दरवेळी तसं नसतं. जुन्या मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा कमजोर होतात. उभं राहिलं की दाब उतरतो, आडवं पडलं की काहींचा उलट चढतो. मग लघवीला सारखं उठणं, झोपेचं खोबरं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही अशांना जास्त. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपला गैरसमज! झोपेच्या तपासणीत रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, प्राणवायू, ठोके नोंदवतात, दुखत नाही. डॉक्टरांना विचारून खाटेचे उशाकडचे पाय विटांवर घ्यावेत. उठताना दोन मिनिटं काठावर बसावं, तेवढ्यानं ऊस वाळत नाही. दवाखान्यात रक्तदाब आडवं पडून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्यावा.