परेडची तलवार, लढाईची तलवार

कॅप्टन लुई नोलन याने १८५३ साली घोडदळावर एक पुस्तक लिहिले. त्यात आपल्या मुलखातला एक किस्सा आहे. निजामाच्या बेकवायती रिसाल्याची रोहिल्यांशी चकमक झाली आणि तीत माणसांचे हात, मुंडकी एका वारात धडावेगळी झाली, असे त्याच्या कानी आले. एवढी जबर हत्यारे कुठली, म्हणून त्याने चौकशी केली. ती निघाली इंग्रजांचीच! गोऱ्या रिसाल्याने मोडीत काढलेली जुनी पाती होती. त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या आणि धार वस्तऱ्यासारखी ठेवली होती.

मग हीच पाती गोऱ्यांच्या हातात बोथट का? नोलनला उत्तर सापडले ते म्यानात. इंग्रजी म्यान पोलादी. रोजच्या कवायतीत तलवार उपसायची, सलामी द्यायची, पुन्हा म्यान करायची. दर खेपेला धार धातूवर घासायची. निजामाच्या स्वारांची म्याने लाकडी होती, आणि तलवार बाहेर निघे ती लढाईतच. शिवाय शिलेदारी पद्धतीत घोडा आणि हत्यार स्वाराच्या पदरचे. सरकारी मालाची हेळसांड होते, स्वतःच्या मालाची होत नाही, हे आजच्या कुठल्याही कचेरीत दिसेल.

मशीनगन आली आणि तलवार शोभेची झाली, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. तलवारीची धार आधी घालवली ती परेडने.

याचा उत्तम साक्षीदार म्हणजे पुढे फील्ड मार्शल झालेला माँटगोमेरी. पहिले महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तलवारींना रीतसर धार लावून घेतली गेली. त्यांच्या कमरेला असलेली १८९७ च्या नमुन्याची तलवार सरळ, साडेबत्तीस इंची पात्याची होती; सपासप वार करण्यासाठी नव्हे, भोसकण्यासाठी घडवलेली. गंमत अशी की हे पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठीचे बहुधा सर्वांत विचारपूर्वक बेतलेले हत्यार, आणि ते आले तेव्हा त्याचे दिवस भरत आले होते. ऑक्टोबरात मेतरँ गावाजवळ तरुण माँटगोमेरी आपली तलवार उपसून पलटणीपुढे धावला. खंदकातला जर्मन शिपाई समोर उभा ठाकला, तेव्हा माँटगोमेरीच्या ध्यानात आले की आपल्याला तलवारीने फक्त सलामी देता येते. त्याने सरळ त्या शिपायाच्या ओटीपोटात लाथ घातली आणि त्याला कैद केले. आठवणींत त्याने हे स्वतःच लिहून ठेवले आहे.

गणवेशातल्या तलवारीचा आकारही लढाईच्या गरजेवर ठरतो असे नाही. ब्रिटिश सेनापतींना १८३१ साली ठरवून दिलेली तलवार पाहा: हस्तिदंती मूठ, बोटांना आडोसा देणारी कडी नाही, पाते बाकदार. हा इजिप्तच्या मामलुक स्वारांचा घाट. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपीय अधिकाऱ्यांना या तलवारींची भुरळ पडली. असईचा विजेता वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हाही त्यांतलाच. अमेरिकी मरीन अधिकाऱ्यांनी तर ती १८२५ मध्येच स्वीकारली होती. परक्या योद्ध्यांचे हत्यार मानाचे म्हणून कमरेला लावायचे, हा सैनिकांचा जुना शौक आहे.

अशी एखादी तलवार लंडनच्या विल्किन्सन कंपनीने घडवली आहे का, हे पारखायचे तर मुठीलगत पात्यावर बसवलेली पितळी टिकली पाहावी. पाते वाकवून, आपटून कसाला उतरले की ही टिकली बसे. पात्याच्या पाठीवरच्या अनुक्रमांकावरून मूळ मालकाचे नावही बऱ्याचदा शोधता येते, कारण १८५४ पासूनच्या नोंदवह्या आहेत. कंपनीने तलवारी घडवणे २००५ मध्ये थांबवले.

भारतात ही परंपरा टिकली, आणि मुख्यतः मान म्हणून टिकली. डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीची पहिली तुकडी १९३४ मध्ये बाहेर पडली. तिच्यात सॅम माणेकशा होते. पण मानाची तलवार मिळाली ती स्मिथ डन या कॅरेन जमातीच्या ठेंगण्या तरुणाला, जो पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचा सेनाप्रमुख झाला. निजामाच्या त्या रिसाल्याचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स ही भारतीय रेजिमेंट आज रणगाड्यांवर आहे.

आता वाचकांना एक विनंती. मराठवाड्यात, खानदेशात, वऱ्हाडात अनेक घरांत दसऱ्याला पूजेसाठी जुनी तलवार निघते, आणि पूजेआधी ती राख किंवा पॉलिश पेपरने लख्ख घासली जाते. पुढच्या दसऱ्याला घासण्याआधी पात्याची पाठ आणि मुठीलगतचा भाग उजेडात धरून नीट पाहा. देशी मुठीखाली वूली, गिल, ऑसबर्न अशी इंग्रज कारखानदारांची नावे किंवा तपासनिसाचा मुकुटाचा शिक्का निघू शकतो. ही अक्षरे उथळ असतात, दोन-चार घासण्यांत जातात. दिसली तर फोटो काढून जवळच्या वस्तुसंग्रहालयाला दाखवा आणि तेवढा भाग घासू नका.