यीस्टच्या गर्दीतून एकच प्रथिन

लातूर-नांदेडच्या नीटवाल्या पोरांना विचारा, हेपॅटायटिस बीची लस कशात बनते? उत्तर पाठ असतं: यीस्टमध्ये. पण यीस्ट फोडलं की हजारो प्रथिनं बाहेर पडतात. त्यातून लसीला हवं असलेलं, विषाणूच्या पृष्ठभागाचं एकच प्रथिन निवडायचं कसं? खरी गंमत इथंच आहे, आणि क्लासमध्ये नेमकं हेच राहून जातं.

क्यूबाच्या लसीत हे काम सीबी-हेप-१ ही मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली अँटिबॉडी करते. अशी अँटिबॉडी बनवण्याची मूळ कृती कोहलर आणि मिलस्टाईन यांची, १९७५ची. उंदराला प्रथिन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या बी-पेशी मायलोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशींशी जोडायच्या. हॅट (HAT) माध्यमात जोडलेल्याच पेशी तगतात. त्यातून हवी ती अँटिबॉडी देणारा क्लोन निवडायचा.

मग ही अँटिबॉडी सेफारोजच्या बारीक मण्यांवर पक्की बसवून मणी कॉलममध्ये भरतात. यीस्टचा द्रव वरून सोडला की आपलं प्रथिन अडकतं, बाकीचं वाहून जातं. अडकलेलं सोडवायला पोटॅशियम थायोसायनेटचं तीव्र द्रावण. वाटतं, पकड जितकी घट्ट तितकी बरी. पण फार घट्ट असेल तर सोडवताना प्रथिनाचा आकारच बिघडायचा! शिवाय मण्यांवरून सुटलेली अँटिबॉडी लसीत उतरली नाही ना, हेही तपासावं लागतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबीजवरचं रेबिशिल्डही मोनोक्लोनल अँटिबॉडीच, पण ते थेट रुग्णाला टोचतात. रेबीजच्या विषाणूचं पृष्ठप्रथिन ते शरीरातच धरतं.

पुढे क्यूबात सीबी-हेप-१ चक्क तंबाखूच्या झाडात तयार केली. लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञानवाल्यांनो, सेमिनारला विषय घ्या की!