धर्मपीठ आणि राजसत्ता : लेखांक पाचवा – गोव्याचा आर्चबिशप गव्हर्नर होतो

इ. स. १६०० मध्ये अकबर बादशहाने बऱ्हाणपूर घेऊन असीरगडास वेढा घातला, तेव्हा तापीकाठच्या थाळनेरास गादी मांडून दोनशे वर्षांहून अधिक काळ आपल्या खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याचे दिवस भरत आले होते. आणि त्या शाही छावणीत जेरोम झेवियर नावाचा एक जेझुइट पाद्री हजर होता. किल्ला दाद देईना, तेव्हा बादशहाने चौलच्या फिरंग्यांकडून तोफा व दारूगोळा मागविणारे पत्र लिहावयास त्याला फर्माविले आणि त्याने ते नाकारल्यामुळे त्याच्यावर बादशहाची इतराजी झाली, असे जेझुइटांच्या वृत्तांतांत नमूद आहे. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, बहादूरशहा फारुकी ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला, आणि त्याच वर्षी बेंतो द गोइश या जेझुइटासह बादशहाचा वकील गोव्यास रवाना झाला. ज्या गोव्याशी दिल्लीपतीलाही वकिलातीने बोलणे लावावे लागत होते, तेथील आर्चबिशपच्या आसनावर त्या वेळी जो पुरुष विराजमान होता, तो पुढे थोड्याच वर्षांत त्या राज्याच्या आरमाराचा, खजिन्याचा आणि किल्ल्यांचा मुखत्यार झाला. त्याचे नाव फ्रे आलेशु द मेनेझिस.

मेनेझिस १५५९ साली लिस्बन येथे एका थोर उमराव घराण्यात जन्मला. त्याच्या पित्याकडे सेबॅस्तियांव या बालराजाच्या संगोपनाचा व शिक्षणाचा अधिकार होता, तेव्हा राजवाडा त्याला परका नव्हता. तरीही पंधराव्या वर्षी त्याने ऑगस्टिनियन संघाची वस्त्रे धारण केली. पुढे १५७८ मध्ये तोच सेबॅस्तियांव मोरोक्कोच्या रणांगणावर निपुत्रिक पडला आणि पोर्तुगालच्या सिंहासनावर बसविण्यास त्याचा वृद्ध चुलत आजोबा, इन्क्विझिशनचा प्रमुख राहिलेला कार्डिनल हेन्रीक, एवढाच वारस उरला. एक धर्मगुरू राजा झाला खरा, परंतु ज्या ब्रह्मचर्यव्रताने त्याची थोरवी वाढविली होती त्याच व्रताने त्याचा वंश खुंटविला, आणि १५८० मध्ये तो निवर्तताच स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ते राज्य आपल्या छत्राखाली घेतले.

धर्मगुरूच्या हाती मुलकी अधिकार देण्यात त्या काळच्या राजांचा जो हिशेब होता, त्याची किल्ली याच घटनेत आहे. उमरावाला सुभा दिला तर तो आपल्या मुलांची, जावयांची आणि भाच्यांची सोय लावतो, तीन पिढ्यांत तेथे रुजतो आणि एके दिवशी धन्यालाच डोळे दाखवितो. बिशपला औरस संतती नसल्यामुळे त्याचा अधिकार त्याच्या देहाबरोबर राजाकडे परत येतो. शिवाय तो लॅटिन आणि कायदा शिकलेला असतो, आणि मुख्य म्हणजे त्याची नेमणूक राजाच्या शिफारशीवाचून होत नाही. पोर्तुगालच्या राजांनी तर पाद्रोआदो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोपच्या सनदांनी पूर्वेकडील चर्चचे सगळे आश्रयदातृत्व स्वतःकडे घेतले होते. तेव्हा १५९५ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मेनेझिस गोव्यास उतरला, तो पोपचा प्रतिनिधी जितका होता तितकाच फिलिप राजाचा नोकरही होता.

दोन्ही नाती एकाच हातात आल्यावर काय घडते, ते मलबारात दिसले. तेथील सेंट टॉमसचे ख्रिस्ती पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके आपल्या सिरियाक प्रार्थना म्हणत, मेसोपोटेमियातून आलेल्या बिशपांना मानत आणि आपल्या आर्चडीकनच्या सांगण्याने चालत आले होते. १५९९ मध्ये आर्चबिशप स्वतः त्या प्रांतात गेला. त्याच दौऱ्यात मलबारी दर्यासारंग कुंजाली मरक्कारच्या किल्ल्यावरील मोहीम आणि कालिकतचा राजा सामोरी याच्याशी चाललेला तह हे राजकारणही तो पाहत होता. कोचीच्या राजाचे वजन आणि पोर्तुगीज शिबंदीचा धाक त्याच्या पाठीशी होता. जूनमध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्याने तेथील ख्रिस्त्यांकडून रोमची आज्ञा कबूल करून घेतली, त्यांचे ग्रंथ तपासावयास मागविले, आणि जे पाखंडी ठरले त्यांतील पुष्कळ अग्नीत गेले. मेनेझिस वैयक्तिक आयुष्यात व्रतस्थ होता, कष्टाळू होता, आणि आपण आत्म्यांचे कल्याण साधतो आहोत याविषयी त्याला तिळमात्र संशय नव्हता. परंतु त्या ग्रंथदहनाचे समर्थन त्याच्या शीलाच्या आधाराने करणे मला मान्य नाही. त्याच वर्षांत गोव्यातील साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट लोकांची वाणी शिकत होता, आणि १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघाले. एकाच धर्माचे, एकाच काळचे हे दोन सेवक. स्टीफन्सजवळ ना शिबंदी होती ना हुकूमनामा, म्हणून त्याला श्रोत्याचे मन त्याच्याच भाषेत वळवावे लागले, आणि मेनेझिसजवळ दोन्ही असल्यामुळे मन वळविण्याची गरज त्याला भासली नाही. मलबारचे ख्रिस्ती ती सक्ती विसरले नाहीत. १६५३ मध्ये मट्टंचेरीच्या क्रुसापाशी त्यांनी, पुढे आपल्यावर बसलेला जेझुइटांचा अंमल झुगारण्याची शपथ घेतली, आणि तो समाज जो दुभंगला तो आजतागायत.

राज्यकारभार मात्र मेनेझिसकडे समुद्रामुळे आला. गोव्याहून लिस्बनला पत्र धाडून उत्तर मिळविण्यास दीड वर्षाहूनही अधिक काळ लागे, म्हणून विजरई, म्हणजे राजप्रतिनिधी, मेला तर जागा रिकामी राहू नये यासाठी राजा उत्तराधिकाऱ्यांची नावे मोहरबंद लखोट्यांत आधीच पाठवून ठेवी. १६०६ मध्ये विजरई मार्तीं आफोंसु द काश्त्रु डचांनी घेरलेल्या मलाक्काच्या बचावासाठी निघाला, तेव्हा गोव्याचा कारभार आर्चबिशपवर सोपविला गेला; पुढच्या वर्षी विजरई मलाक्कासच वारला, लखोटा फोडण्यात आला, आणि आत नाव निघाले ते आर्चबिशपचेच. १६०९ पर्यंत तो गव्हर्नर राहिला. त्याच काळात डचांनी गोव्याच्या अंमलाखालील मोझांबिकच्या किल्ल्यास १६०७ आणि १६०८ अशी लागोपाठ दोन वर्षे वेढा घातला आणि दोन्ही वेळा त्यांना हात हलवीत परतावे लागले. गोव्यातील सेंट मोनिकाच्या ज्या भव्य मठाचा पाया त्याने घातला, तो पूर्वेकडील ख्रिस्ती जोगिणींचा पहिला मठ होय.

स्वदेशी परतल्यावर ब्रागाचे आर्चबिशपपद, १६१४ मध्ये तिसऱ्या फिलिपच्या वतीने पोर्तुगालचे विजरईपद, आणि अखेर माद्रिदमधील पोर्तुगाल मंडळाचे अध्यक्षपद, अशा पायऱ्या तो चढला. लिस्बनच्या विजरईपदी त्याच्या आधी लैरियाचा बिशप राहिलेला पेद्रु द काश्तील्यु बसला होता, आणि त्याच्याही आधी एक कार्डिनल, तेव्हा तेथे हा परिपाठच पडला होता. १६१७ च्या मे महिन्यात माद्रिद येथे त्याचा अंत झाला. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये लुसाँ या गरीब धर्मप्रांताचा एकतीस वर्षांचा बिशप प्रथमच राजमंत्री झाला होता, आणि लगोलग पदच्युतही व्हावयाचा होता. तो रिशल्यू पुन्हा दरबारात कसा शिरला, ते पुढील लेखांकी पाहू.