मानेखालील लहानशी नळी

आपल्या मृत्यूपूर्वी पाच दिवस, ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, परमगुरू बारावे पायस यांनी इटलीतील प्लास्टिक शल्यविशारदांस सांगितले की, हेतू शुद्ध असावा व प्रकृतीस मोठा धोका नसावा, तर सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया निषिद्ध नाही. हा धोका टाळणे पुढे घरच्यांच्याही हाती असते. चेहऱ्याची व मानेची सैल कातडी ताणून बसविल्यावर कधी कधी तिच्याखाली बारीक नळी ठेवतात. साचणारे रक्त व पाणी तिच्यावाटे बाहेर येते. बहुधा एकदोन दिवसांत ती काढतात. तथापि नळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पहिल्या चोवीस तासांत एकाच बाजूस सूज व वेदना वाढल्यास, अथवा श्वास कोंडल्यास, तत्क्षणी डॉक्टरांस कळवावे. रुग्णाचे डोके उंच ठेवावे, धूम्रपान वर्ज्य करावे. उशाशी जागणाऱ्याची सेवा प्रभूस रुजू होते.