दुसऱ्या बाजूची गाणी

कार्यक्रम संपला की खरा कार्यक्रम परतीच्या वाटेवर सुरू होतो, हा आपला जुना अनुभव आहे. शिवाजी मंदिरातून नाटक पाहून निघालेली मंडळी दादर स्टेशनच्या पुलावर पोहोचेपर्यंत नाटकाचा निकाल लावून मोकळी झालेली असतात. गाण्याच्या मैफलीचेही तसेच. बुवांनी अमुक राग का घेतला, तमुक अभंग का टाळला, याची चर्चा मैफलीपेक्षा लांबते. १५ डिसेंबर २०१९ च्या रविवारी रात्री नेरूळ स्थानकाच्या फलाटावर हेच चालले होते. फरक इतकाच, की बुवा आयरिश होते.

त्या संध्याकाळी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'यू-टू' हा रॉक वाद्यवृंद गायला. १९७६ साली डब्लिनमधल्या एका शाळेत जमलेली पोरे, त्यांतले चौघे अखेरपर्यंत एकत्र राहिले आणि तेच चौघे ४३ वर्षांनी पहिल्यांदा भारतात वाजवायला आले. गायक बोनो तेव्हा ५९ वर्षांचा होता. साधारण ५५ हजार माणसे मावतील असे हे मैदान. २००८ साली आयपीएलचा पहिला अंतिम सामना इथेच झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तोही इथेच. तिथे त्या रात्री ए. आर. रहमानही आपल्या मुलींसह मंचावर आला आणि 'अहिंसा' हे त्यांनी मिळून केलेले नवे गाणे झाले.

पण फलाटावरचा वाद रहमानचा नव्हता, रोषणाईचा नव्हता. वाद होता तो गाण्यांच्या निवडीचा. कारण बोनो आणि मंडळींनी काही जुनी गाणी गाऊन झाल्यावर १९८७ सालचा 'द जोशुआ ट्री' हा आपला संग्रह पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मूळ क्रमाने, अख्खा वाजवला. त्यानंतरच्या काळातली गाणी आली ती शेवटी, उरलेल्या वेळात.

माझ्याबरोबर महाविद्यालयातला एक जुना मित्र होता आणि त्याची विशीतली मुलगी. गाडीत शिरून उभे राहायला जागा मिळताच तिने तोंड उघडले. ''काका, खरं सांगू? मधली अर्धी गाणी मला माहीतच नव्हती. आजूबाजूचे लोकपण पाणी आणायला उठत होते.''

''उठणारे उठोत,'' तिचे वडील म्हणाले. ''सबंध आल्बम कधी ऐकायला मिळतो का?''

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ न राहवून मध्ये पडले. बोलण्यावरून बँकेतले वाटत होते. सगळा हिशेबच मांडला त्यांनी. ''हे बघा, डब्लिनच्या माणसाला हे लोक दर चार-पाच वर्षांनी दिसतात. त्याने काय, एखाद वेळी प्रयोग ऐकला तरी चालतं. आपल्याकडे ही मंडळी पहिल्यांदा आली. पुन्हा येतील याची खात्री कोण देणार? मग अशा वेळी हमखास गाणीच नकोत का द्यायला? पाहुणा एकदाच जेवायला येणार असेल तर आपण त्याला पुरणपोळी वाढतो, रोजची भाजी नाही वाढत.''

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदा. संगीत नाटकांच्या काळी बालगंधर्वांच्या एका पदाला किती 'वन्स मोअर' मिळतील याला धरबंध नव्हता, कारण नाटक पहाट होईपर्यंत चालू शकत होते. आता घड्याळ पुढे असते. दोन-सव्वादोन तासांत एक गाणे घ्यायचे म्हणजे दुसरे सोडायचे. त्यामुळे बुजुर्ग गायकाची यादी ही त्याची आवडनिवड राहत नाही, ती वाटणी होते. आणि वाटणी म्हटली की भांडण आलेच.

तरीही ती यादी मला पटली. त्याचे कारण त्या मुलीला सांगताना आधी कॅसेट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली.

आमच्या पिढीकडे ही गाणी आली ती कॅसेटवर. काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या, नाहीतर कुणा मित्राच्या मोठ्या भावाकडून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेल्या. (ते ऱ्हिदम हाउसही २०१६ साली बंद झाले.) कॅसेटमध्ये निवडीला वाव नव्हता. मधले गाणे वगळायचे तर बटण दाबून फीत पळवायची, अंदाजाने थांबायचे, आणि फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळत बसायचे. त्यापेक्षा ऐकून घेणे सोपे. म्हणून गाणी आमच्या डोक्यात सुटी बसलीच नाहीत, एकामागून एक अशीच बसली. एक संपले की पुढच्याचे पहिले सूर आपोआप कानात वाजत. भारतात ज्यांनी हा वाद्यवृंद कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, त्यांची सगळी ओळख त्या क्रमाशी होती. तेव्हा नेरूळला जे वाजले ते निव्वळ एका जुन्या तबकडीचे स्मरण नव्हते. आम्ही ज्या रूपात त्यांना तीस वर्षे ओळखत होतो, त्याच रूपात ते समोर उभे राहिले होते.

'द जोशुआ ट्री'त ११ गाणी. पहिल्या बाजूला ५, दुसऱ्या बाजूला ६. गंमत अशी, की जगभर गाजलेली तिन्ही गाणी पहिल्या बाजूला, तीही अगदी सुरुवातीला. त्यांतली दोन १९८७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्यामुळे क्रमाने वाजवायचे ठरले की शेवटासाठी राखून ठेवायचा हुकमी माल अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि मग येते ती दुसरी बाजू, जिच्यावर टाळ्यांची हमी नाही. लोक पाणी आणायला उठतात ते इथे. गायकाला हे ठाऊक नसते असे थोडेच आहे? ठाऊक असून तो तसे करतो, यात मला त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

त्या दुसऱ्या बाजूचे पहिलेच गाणे 'रेड हिल मायनिंग टाउन'. ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चालला आणि फसला. संप फसल्यावर कामगाराच्या घरात, नवरा-बायकोत काय होते, त्याचे हे गाणे. स्वर चढे, गळ्याची परीक्षा पाहणारे. १९८७ च्या दौऱ्यात त्यांनी ते गायलेच नाही. पुढेही नाही. रंगमंचावर ते पहिल्यांदा आले २०१७ साली, म्हणजे तीस वर्षांनी. तरुण गळ्याने सोडलेले गाणे उतारवयातल्या गळ्याने हाती घेतले. पूर्वीचा ताण काढून टाकला, मागे पितळी वाद्यांचा संथ सूर ठेवला, आणि ते एखाद्या वयस्क माणसाने शांतपणे सांगितल्यासारखे झाले.

मित्राची मुलगी नेमके याच गाण्याबद्दल म्हणाली, ''ते बँडबाजावालं? ते तर फारच संथ होतं.''

तेव्हा दाराजवळ इतका वेळ गप्प उभा असलेला, चाळिशी उलटलेला एक माणूस वळला. म्हणाला, ''मी आज त्याच्यासाठीच आलो होतो.'' मग थोडे थांबून, ''माझे वडील लालबागला गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपानंतर परत कामावर गेले नाहीत. म्हणजे घेतलंच नाही कुणी. आई शिवणकाम करायची. घरात त्या विषयावर कधी कुणी बोललं नाही. मोठेपणी हे गाणं ऐकलं, अर्थ शोधून काढला, आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या खोलीतलं आहे.''

त्यावर डब्यातल्या आमच्या कोपऱ्यात कुणी काही बोलले नाही. गाडी वाशीचा पूल ओलांडत होती.

मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला. आपल्याकडे त्या घरांची गोष्ट जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये सांगितली. ज्यांनी ते नाटक पाहिले त्यांना ठाऊक आहे, की संप रस्त्यावर हरतो आणि मग घरात येऊन बसतो. आयर्लंडच्या चार पोरांनी ब्रिटनच्या खाणीबद्दल लिहिलेले गाणे काळाचौकीच्या एका माणसाला आपले वाटावे, यात खरे तर नवल काहीच नाही. नवल याचे, की ते त्याला प्रत्यक्ष ऐकायला मिळाले. हमखास गाण्यांची यादी केली असती तर त्या यादीत हे गाणे कुठल्याही शहरात बसले नसते.

हा दौरा नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला सुरू झाला. त्याच दुसऱ्या बाजूवर 'वन ट्री हिल' आहे. ऑकलंडचा ग्रेग कॅरल हा माओरी तरुण बोनोच्या जवळचा मदतनीस होता. १९८६ साली डब्लिनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, आणि ऑकलंडमधल्या टेकडीच्या नावाने त्याच्यासाठी हे गाणे झाले. शेवटचे गाणे अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या मुलांच्या आयांचे. एकच यादी गावोगाव गेली, पण प्रत्येक गावाला त्यातले आपले गाणे वेगळे सापडले असणार. ही गाणी गाजलेली नाहीत. पण जिथे ती लागतात, तिथे खोल लागतात.

बँकेतले गृहस्थ कुर्ल्याला उतरण्याआधी म्हणाले, ''तरीपण माझं म्हणणं मी सोडत नाही हं. सगळ्यांच्या आवडीचं आधी.'' त्यांनी सोडूही नये. तिकिटासाठी पैसे मोजलेल्या माणसाला फर्माईश करण्याचा हक्क आहे. मैफलीत चिठ्ठ्या पाठवणारे रसिक होते म्हणून तर कितीतरी चिजा जिवंत राहिल्या. पण चिठ्ठी नेहमी माहीत असलेल्या गाण्याचीच जाते. जे गाणे माहीत नाही त्याची चिठ्ठी कोण लिहिणार? ते गायकानेच पुढे करावे लागते. उतारवयात, गळ्याची सगळी हमी उरलेली नसताना ते पुढे करायचे, तेही एका नव्या देशात पहिल्याच भेटीत, याला धीर लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये त्याच मैदानावर 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. मित्राची मुलगी आता नोकरी करते; ती त्यांतल्या एकाला गेली होती. आजच्या ऐकणाऱ्याच्या हाती गाणी सुटी येतात. नको ते गाणे बोटाच्या एका स्पर्शात दूर होते. मी तिला विचारले, गाणी आवडली का? ती म्हणाली, ''आवडली. सगळीच पाठ होती.'' मग जरा विचार करून म्हणाली, ''पण काका, त्या खेपेचं ते खाणीचं गाणं मी घरी जाऊन ऐकलं होतं. अजून ऐकते.''