सवड कुणाची?

‘प्रकल्प’ हा शब्द आमच्या लहानपणी फार मोठा होता. प्रकल्प म्हणजे कोयना, प्रकल्प म्हणजे जायकवाडी. त्यात सिमेंटची पोती, उठलेली गावे आणि कोनशिलेवरची नावे असत. पुढे हा शब्द लहान लहान होत घरात शिरला. चौथीतल्या मुलाचे थर्माकोलचे घरसुद्धा आता ‘प्रोजेक्ट’ असते आणि ते नेमके रविवारी रात्री नऊ वाजता आठवते!

या शब्दाची चक्क परीक्षाही असते. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही 1969 साली स्थापन झालेली संस्था 1984 पासून ‘पीएमपी’ नावाचे प्रमाणपत्र देते. 2021 साली आलेल्या रचनेत 180 प्रश्न आणि 230 मिनिटे. नुसती पदवी पुरत नाही. पदवीधराला प्रकल्प चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. माझी सून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती सध्या या परीक्षेचा अभ्यास करते. रात्री मुले झोपली की पुस्तक माझ्या हातात देते आणि म्हणते, “बाबा, विचारा.”

मी विचारू लागलो आणि पुस्तकात गुंतलो. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी उमेद गेली. प्रत्येक प्रस्तावाच्या शेवटी कामाच्या वेळापत्रकाचा एक तक्ता जोडलेला असे. त्या आडव्या पट्ट्यांमागचे शास्त्र आता सुनेच्या पुस्तकात सविस्तर भेटले.

पहिला धडा व्याख्येचा. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ज्यातून काही वेगळे निपजते, तो प्रकल्प. बँकेचे रोजचे काउंटर हा प्रकल्प नव्हे. शाखा नव्या जागेत हलवणे हा प्रकल्प. रोजचा स्वयंपाक प्रकल्प नव्हे. घरच्या लग्नाचे जेवण मात्र नक्की. दुसरा धडा व्याप्तीचा. कामात काय येते आणि काय येत नाही, हे आधी लिहून काढायचे. ‘आलाच आहात तर तेवढी मोरीही बघा’ असे गवंड्याला सांगणाऱ्या प्रत्येक घराला हा धडा लागू आहे.

माझ्यातला बँकवाला सुखावला तो ‘अर्न्ड व्हॅल्यू’ या प्रकरणाने. समजा, 30 लाखांची शेड दहा महिन्यांत उभी करायची आहे. पाच महिने झाले, 15 लाख खर्च झाले. निम्मा वेळ, निम्मा पैसा. वहीत सगळे ठाकठीक. पण जागेवर जाऊन पाहिले तर काम फक्त 10 लाखांचे झालेले. म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे काम जेमतेम 67 पैशांचे! हीच चाल राहिली तर शेड 30 लाखांत नव्हे, 45 लाखांत उभी राहणार. खर्च झाला म्हणजे काम झाले असे नव्हे, ही साधी गोष्ट हे गणित पाचव्या महिन्यातच सांगते. दहाव्या महिन्यात ती कुणालाही कळते. पण तेव्हा कळून काय उपयोग?

या अभ्यासाचा गाभा मात्र ‘क्रिटिकल पाथ’. 1957 च्या सुमारास ड्यू पाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ही रीत बसवली. कामे एकमेकांवर अवलंबून असतात. त्यांतली सर्वांत लांब साखळी शोधायची. तिच्यात एक दिवस चुकला की सगळे काम एक दिवस पुढे जाते. कोकण रेल्वेचे उदाहरण आपल्या घरचेच. महामंडळ 1990 साली स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी काम पुढे नेले, दोन्ही टोकांकडचे टप्पे आधीच सुरू झाले. तरी मुंबईहून मंगळूरपर्यंत सलग गाडी जायला जानेवारी 1998 उजाडावे लागले, कारण गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत होती, पाणी भरत होते. बाकीचा मार्ग तयार असून भागत नव्हते.

जी कामे या साखळीत नाहीत, त्यांना थोडा उशीर चालतो. त्याला पुस्तकात ‘फ्लोट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : सवड. घराचे गिलावा-रंगाचे काम 15 दिवस चालणार आहे. खिडक्यांच्या जाळ्या करायला लोहाराला सहा दिवस आणि त्या रंगवायला रंगाऱ्याला तीन दिवस, असे नऊ दिवस लागतात. म्हणजे सहा दिवसांची सवड आहे. ही सवड लोहाराची की रंगाऱ्याची? उत्तर : दोघांची मिळून. लोहाराने आरामात बारा दिवस घेतले तर रंगाऱ्याकडे एका दिवसाचीही सवड उरत नाही. मग त्याच्याकडून किंचित उशीर झाला तरी सगळे त्यालाच बोलतात.

हे उत्तर सुनेने सांगितले आणि आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. लोहाराची आणि रंगाऱ्याची ही गोष्ट घरोघरची आहे. कुणी उशिरा उठतो, कुणी वेळेवर डबा मागत नाही, कुणाला पाहुणे येणार हे ऐन वेळी आठवते. प्रत्येक जण आपल्यापुरती थोडी सवड वापरतो. साखळीच्या टोकाला जी उभी असते, तिच्या वाट्याला फक्त घाई उरते. आणि बहुतेक घरांत ती बाईच असते. वर आपण तिलाच सांगतो, “सवडीने कर गं अभ्यास.” ती सवड सकाळपासून कोणी कोणी खर्चली, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आम्ही तो मांडला. शाळेची बस, दूध, गॅसचा नंबर, भाजी, मुलांचा गृहपाठ, माझी रक्तदाबाची औषधे अशी सगळी कामे कागदावर आली. प्रत्येकापुढे नाव पडले. बस आणि भाजी माझ्याकडे आली, गृहपाठ मुलाकडे. रात्रीचे नऊ ते अकरा हे दोन तास सुनेच्या नावावर लागले. तिथे दुसरे काहीही लिहायचे नाही, असे ठरले.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय तो लागेल. पण कागद अजून फ्रीजवर आहे, आणि परीक्षा झाल्यावरही तो काढायचा नाही, असे नातीने परवा जाहीर केले आहे. तिच्या नावापुढे ‘पाण्याच्या बाटल्या भरणे’ आहे. ती बाटल्या वेळेवर भरते आणि मी भाजी आणली की नाही, हे रोज न चुकता विचारते.