माजी राष्ट्रसभाध्यक्षांचे निवासस्थान : दादाभाई नौरोजी आणि वर्सोवा

प्रस्तावना :
थोर व्यक्तींच्या निवासस्थानास भेट देणे हे इतिहासाच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. मुंबईतील मणिभवन हे त्याचे परिचित उदाहरण होय. तेथे वास्तू जतन झाल्यामुळे अभ्यासकाचे काम सुकर होते. परंतु जेथे निवासस्थानाचे असे स्मारक झालेले नाही, तेथे अभ्यासकाने काय पाहावे? प्रस्तुत लेखात वर्सोव्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

वर्सोव्यातील वास्तव्य :
दादाभाई नौरोजी (१८२५-१९१७) यांनी १८८६, १८९३ व १९०६ अशा तीन वेळा राष्ट्रसभेचे अध्यक्षपद भूषविले. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात त्यांनी अध्यक्षपदावरून स्वराज्याचे ध्येय मांडले. १९०७ मध्ये इंग्लंडमधील दीर्घ वास्तव्य संपवून ते मायदेशी परतले आणि वर्सोव्यास राहू लागले. त्या काळी वर्सोवा हे मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे, ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात मोडणारे कोळी वस्तीचे गाव होते. वयोमानाने दादाभाई सार्वजनिक कार्यातून निवृत्त झाले, तरी त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही. १९१६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

स्मृतिजतनाच्या दोन पद्धती :
लंडनच्या पेंज भागातील 'वॉशिंग्टन हाउस' येथे दादाभाई १८९७ पासून काही वर्षे राहिले. त्या घरावर २०२२ मध्ये निळा स्मृतिफलक बसविण्यात आला. अंधेरीत त्यांची स्मृती प्रामुख्याने 'दादाभाई नौरोजी नगर' या नावात आहे. व्यवहारात त्याचे 'डी. एन. नगर' झाले आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या स्थानकासही तेच संक्षिप्त नाव मिळाले. या दोन आद्याक्षरांमागील व्यक्ती कोण, हे अनेक प्रवाशांना ठाऊक नसते.

निष्कर्ष :
वर्सोव्याच्या अभ्यासभेटीत घराऐवजी परिसर वाचावा लागतो. डी. एन. नगर स्थानकापासून नावाचा उलगडा करीत कोळीवाडा व खाडीपर्यंत जावे. तत्पूर्वी १९०६ चे अध्यक्षीय भाषण आणि आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त वाचलेला असावा. उपनगरातील महाविद्यालयांनी अशा भेटी आखून या वास्तव्याची माहिती देणारा मराठी फलक परिसरात उभारण्यासाठी पुढाकार घेणे उचित ठरेल. आद्याक्षरांचे पूर्ण नाव लिहिणे ही त्याची पहिली पायरी होय.